एक दुर्बीण आणि चार भाचरं

पार्श्वभूमी

हे प्रकरण आमच्याच घरातलं आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. ताई, दादा आणि वहिनी तिघांनीही आधी वाचलं आणि मगच लिहायला हरकत नाही म्हणाले.

आम्ही तीन भावंडं, मी धाकटी. मला मूल नाही. दादाला एक मुलगी, ताईला तीन मुलं. एकीची मी आत्या आणि तिघांची मावशी. हे घडलं तेव्हा दादाची लेक अकराची होत होती. ताईचा मोठा नऊ वर्षांचा होता, मधली सात वर्षांची आणि शेंडेफळ चार वर्षांचं.

भेटवस्तूंबद्दल माझा एक नियम होता, पण तो मी कधी कुणाला बोलून दाखवला नव्हता. वाढदिवसाला प्रत्येकाला एक वस्तू, किंमत साधारण सारखी. मला तो अगदी सरळ वाटायचा. वाढदिवसाव्यतिरिक्त जे दिलं जायचं ते मात्र मी मोजतच नव्हते. दादाचं घर माझ्यापासून चालत दहा मिनिटांवर आहे. येता-जाता दादाच्या लेकीला एखादं पुस्तक, पेन्सिली, वहीवर चिकटवायची चित्रं असं काहीबाही मिळत राहायचं. शिवाय ती जन्मली तेव्हा घरात दुसरं मूल नव्हतं आणि मला नुकती नोकरी लागलेली होती, त्यामुळे पहिली दोन वर्षं माझा हात सैलच होता. ताई दुसऱ्या शहरात राहते. तिच्या मुलांची आणि माझी गाठ वर्षातून दोन-तीनदा पडते. ही तफावत अकरा वर्षं साठत होती आणि माझ्या हिशोबात ती कुठेच नव्हती.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. दादाच्या घरून ताईच्या मुलांना ‘तिघांत मिळून एक’ भेट जायची. ताईकडून दादाच्या लेकीला तिची स्वतःची, पूर्ण भेट यायची. दादाचं गणित असं, की घराला एक दिलं आणि घराला एक आलं, म्हणजे फिट्टंफाट. ताईचं गणित वेगळं. वाढदिवस मुलाचा असतो, घराचा नसतो. वारसा वाटण्याच्या कायद्यांत या दोन्ही रीती जुन्या आहेत. डोईगणिक, म्हणजे माणशी वाटा करायचा, की शाखेगणिक, म्हणजे एकेका भावंडाच्या घराला एक, हा भेद रोमन कायद्यापासून चालत आलेला आहे आणि दोन्हींकडे न्यायाचा दावा आहे. आमच्या घरात दोघं दोन वेगळ्या रीतींनी वागत होते आणि दुसरी रीत असू शकते हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. दादाचं घर पैशाने निवांत आणि ताईचं ओढाताणीचं, त्यामुळे ताई हा विषय स्वतःहून काढणं शक्यच नव्हतं.

काय घडलं

दादाच्या लेकीला आकाशाचं वेड लागलं होतं. वेड हा शब्द मी विचार करून वापरते आहे. एक वही करून ती रोज रात्री चंद्र काढायची. साडेएकोणतीस दिवसांची एक फेरी, अशा अकरा फेऱ्या तिने काढल्या होत्या. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा का उगवतो, हे तिने मला गच्चीवर हातातल्या चेंडूने समजावून सांगितलं होतं. त्या वर्षी मला नोकरीत अनपेक्षित बोनस मिळाला. मी तिला अकराव्या वाढदिवसाला दुर्बीण घेतली, 114 मिलिमीटर व्यासाच्या आरशाची, तिपाईसकट. त्या वर्षी बाकी तिघांना दिलेल्या सगळ्या भेटी एकत्र केल्या तरी तिच्या किमतीच्या निम्म्याला पोचल्या नसत्या.

मी हे कुणालाही आधी सांगितलं नाही. मला तिचा चेहरा बघायचा होता, बाकी काही सुचलंच नाही.

सुट्टीत सगळे आईकडे जमलेले असताना खोकं उघडलं. चौघंही मुलं गराडा घालून बसली. तिपाईचे स्क्रू वेगवेगळ्या पिशव्यांत होते. मधलीने ते लावायची छोटीशी चावी मुठीत धरून ठेवली होती आणि दादाने मागितली की ती उघडून द्यायची, काम झालं की पुन्हा मूठ मिटायची. तासभर ती तिथून हलली नाही. मला वाटलं, किती छान, सगळ्यांनाच आनंद झालाय.

रात्री मी स्वयंपाकघरात एकटी असताना मधली आली. ओट्याला टेकून उभी राहिली.

“मावशी, माझ्या वाढदिवसाला तू मला रंग दिले होतेस ना?”

“हो.”

“ते संपले.” मग थोडं थांबून, “दुर्बीण संपत नाही.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती मला एक गोष्ट लक्षात आणून देत होती. आणि मी तिचं ऐकून घेण्याऐवजी घाईघाईने बोलले, “तू अकरा वर्षांची झालीस ना, की तुलाही मोठ्ठं काहीतरी देईन.”

तिने लगेच विचारलं, “दादाला पण?” म्हणजे तिच्या भावाला.

“हो, त्यालाही.”

“आणि बाळाला?”

“बाळालाही.”

मिनिटभरात मी पुढच्या सात वर्षांची तीन वचनं देऊन मोकळी झाले होते. ती समाधानाने झोपायला गेली आणि मला वाटलं, प्रश्न मिटला.

त्यानंतरचे दिवस

ताई परत गेल्यावर चौथ्या दिवशी तिचा फोन आला. तिचा आवाज शांत होता, आणि ती फार चिडली की शांत होते हे मला लहानपणापासून माहीत आहे.

“दुर्बीण दिलीस त्याचं मला काही नाही. तुझे पैसे, तुझी भाची. पण माझ्या पोरीला तू तारीख दिलीस. ती कॅलेंडर घेऊन बसलीय. दादाला दोन वर्षं, मला चार, बाळाला सात. उद्या तुला नाही जमलं तर तिला तोंड कुणी द्यायचं? मीच ना?”

मी दादाला फोन केला. त्याला यात प्रश्नच दिसेना. “तू हौसेने दिलंस. कुणाला काय वाटेल याचा हिशोब करत बसलं तर माणूस काही देणारच नाही.” वहिनींचं मात्र वेगळंच चाललं होतं. त्यांना इतकं अवघडल्यासारखं झालं होतं, की सुट्टीचे उरलेले दिवस त्यांनी दुर्बिणीवर चादर टाकून ठेवली होती. मुलांच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून. झाकलेली वस्तू मुलांना जास्त दिसते, हे मला आता कळतं. त्यांचा हेतू चांगलाच होता.

मुलांनी काय अर्थ लावला ते तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. ताईच्या मोठ्याने बहिणीला सांगितलं होतं, “आपण लांब राहतो ना, म्हणून.” कुणी काही सांगितलं नव्हतं, तेव्हा त्याने स्वतःच कारण शोधलं. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की त्याचं फारसं चुकलंही नव्हतं. लांब राहणाऱ्या मुलाचं वेड आत्याला, मावशीला दिसतच नाही. दादाच्या लेकीची चंद्राची वही मी पाहिली, कारण मी आठवड्यातून दोनदा तिथे असते. ताईच्या घरी अशी एखादी वही असती तर मला ती दिसली असती का?

आणि दादाची लेक. तिने मला एकटीला गाठून विचारलं, “आत्या, मी ती त्यांना देऊन टाकू का? सुट्टीपुरती तरी?” तिच्या आनंदाला ओझं झालं होतं. मुलांच्या न्यायबुद्धीचा अभ्यास करणाऱ्या पीटर ब्लेक आणि कॅथरीन मॅकऑलिफ यांनी 2011 साली चार ते आठ वर्षांच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. आपल्याला कमी आणि दुसऱ्याला जास्त अशी वाटणी चार वर्षांची मुलंही नाकारत होती. आपल्याला जास्त आणि दुसऱ्याला कमी, ही वाटणी मात्र आठ वर्षांच्या मुलांनीच नाकारली. माझी अकरा वर्षांची भाची या दुसऱ्या टप्प्यावर होती. आपल्याला जास्त मिळालं म्हणून ती अस्वस्थ होती, आणि मोठ्यांपैकी कुणीही तिला सांगितलं नव्हतं की यात तिचा काही दोष नाही.

कोणते पर्याय होते

पहिला विचार सगळ्यांच्याच मनात येतो तो माझ्याही मनात आला. तिघांनाही लगेच तेवढ्याच तोलाचं काहीतरी घेऊन टाकावं. पैसे कर्जाऊ घेऊन ते जमवताही आलं असतं. पण त्या वस्तू कशासाठी? दुर्बिणीमागे वर्षभर रात्री जागून काढलेले चंद्र होते. या तीन वस्तूंमागे फक्त माझी टोचणी असती. चार वर्षांच्या शेंडेफळाला तर त्यातलं काही कळलंही नसतं.

आईचा सल्ला उलट टोकाचा होता. “सांगून टाक, ती चौघांची आहे म्हणून. कशाला वाढवता?” घरात शांतता हवी असलेल्या माणसाचा हा सल्ला आहे आणि मला तो मोहात पाडत होता, कारण त्यात कुणाचाच खर्च नव्हता. पण मी तो सर्वांत ठामपणे नाकारला आणि आजही नाकारेन. दिलेली वस्तू नंतर सामाईक जाहीर करणं म्हणजे एका मुलाकडून काढून घेणं. ती वाटून वापर असं सांगता येतं, तो तिचा निर्णय होऊ शकतो. मालकी मात्र परत घेता येत नाही.

दादाने सुचवलं, वस्तूच नकोत, चौघांच्या नावाने सारखी रक्कम टाकत जा. हिशोब स्वच्छ. यात तथ्य आहे. जोएल वॉल्डफोगेल या अर्थशास्त्रज्ञाने 1993 साली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, की मिळालेली भेट तुम्ही स्वतः किती पैशाला घेतली असती. उत्तरं वस्तूच्या खऱ्या किमतीपेक्षा कमी आली, एक दशांश ते एक तृतीयांश मोल वाटेतच हरवलेलं. जवळच्या मित्रांपेक्षा लांबच्या नातेवाइकांच्या भेटींत हे जास्त. लांब राहणाऱ्या मावशीचा अंदाज चुकतो, यात नवल नाही. पण ताईने तोंडावर सांगितलं, “माझ्या घरी पैसे आले की ते घरात जातील. खोटं कशाला बोलू?” तिच्या प्रामाणिकपणामुळे तो पर्याय तिथेच संपला. मुलांपर्यंत न पोचणारी समानता कागदावर कितीही नीट दिसली तरी उपयोग काय?

घराला एक, असा दादाचा नेहमीचा नियम मीही लावून पाहिला. तसं केलं तर दादाच्या लेकीला तिघांपैकी प्रत्येकाच्या तिप्पट मिळणार. तीन भावंडं असणं ही मुलांची निवड नसते. मला तो नियम मोठ्यांच्या सोयीचा वाटला.

उरलं माझं वचन, अकराव्या वर्षी प्रत्येकाला मोठी भेट. तेच नियम म्हणून पाळलं तर? पण अकरा हा आकडा फक्त दुर्बीण अकराव्या वर्षी आली म्हणून आला होता. शिवाय मी नोकरी बदलायच्या विचारात होते आणि नव्या ठिकाणी पगार कमी असणार होता. तारीख बांधून घेणं म्हणजे मुलांना माझ्या पगाराच्या भरवशावर ठेवणं.

काय केलं

मी ताई आणि दादाला एकत्र बोलावलं, फोनवर नाही, समोरासमोर. तीन तास गेले. पहिला तास मुलांबद्दल बोलणं झालंच नाही. ताई म्हणाली, “दादाची शाळा संपली तेव्हा त्याला घड्याळ दिलं होतं. माझी संपली तेव्हा पेन.” चोवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. दादाला ती आठवतही नव्हती. त्याला घड्याळ आठवत होतं, पेन नाही. तो गप्प झाला आणि बराच वेळ गप्पच राहिला. त्या एका वाक्याने आमची चर्चा जिथे होती तिथून हलली. मग ‘तिघांत मिळून एक’चं निघालं. ताईने सांगितलं, की त्या खेळाच्या पेटीवरून तिच्या घरात दर वेळी भांडण होतं, कारण पेटी कुणाच्या कपाटात ठेवायची हेच ठरत नाही. दादाला हे खरोखरच माहीत नव्हतं. त्याला वाटायचं, मोठी वस्तू दिली म्हणजे जास्त दिलं.

आमचं ठरलं ते असं. नेहमीच्या भेटी डोईगणिक, प्रत्येक मुलाला त्याची स्वतःची. किमतीला वरची मर्यादा सगळ्यांना एकच. लहानाची वस्तू स्वस्त असली तर ती स्वस्तच राहू द्यायची, वजन भरायला त्यात आणखी काही कोंबायचं नाही. मोठी भेट प्रत्येकाला एकदा, मूल पंधराचं व्हायच्या आत, त्याला ज्याचा ध्यास लागेल त्यासाठी. तारीख आणि किंमत आधी सांगायची नाही. आणि आई-वडिलांना विचारल्याशिवाय मी मोठं काही आणायचं नाही.

यात एक खोट आहे हे ताईने तेव्हाच दाखवलं. “आणि ज्या मुलाला ध्यासच नसेल, त्याचं काय?” तिच्या मनात तिचा मोठा होता. कशात फार रमत नाही, मागत नाही, दिसतही नाही. ध्यासाला बक्षीस द्यायचं ठरवलं की शांत मुलं मागे पडतात. म्हणून आम्ही जोडलं, की ध्यास दिसला नाही तर पंधराव्या वर्षी मुलाने स्वतः निवडायचं.

यापेक्षा अवघड होतं मधलीशी बोलणं. मी तिच्या घरी गेले. सोबत दादाच्या लेकीची चंद्राची वही तिला विचारून घेतली होती. मधलीला सांगितलं, “मी तुला अकरा वर्षं म्हणाले होते ते चुकीचं होतं. मी घाईत बोलले.”

“म्हणजे देणार नाहीस?”

“देणार आहे. कधी ते आत्ता सांगता येत नाही.”

तिने थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. मग कॅलेंडरकडे. मला वाटलं रडेल. रडली नाही, पण त्या दिवशी माझ्या मांडीवर बसली नाही.

संध्याकाळी मी वही उघडली. ताईला दुर्बीण का मिळाली ते मी तिला पानं उलटत सांगितलं. ताई म्हणजे तिच्यासाठी दादाची लेक. एका पानावर नुसतं रिकामं वर्तुळ होतं आणि खाली ‘ढग’ असं लिहिलेलं. मधली तिथे थांबली. “दिसला नाही तरी काढला?” मी हो म्हणाले. तिने मागची पानं उलटून ढगांची सगळी वर्तुळं मोजली. सतरा निघाली. त्यानंतर तिने मला दुर्बिणीबद्दल काहीही विचारलं नाही.

अॅलेक्स शॉ आणि क्रिस्टिना ओल्सन यांचा 2012 सालचा एक प्रयोग मला इथे आठवतो. खोली आवरल्याबद्दल दोन मुलांना खोडरबर वाटायचे, एक जास्तीचा उरतो, त्याचं काय करायचं, असं सहा ते आठ वर्षांच्या मुलांना विचारलं. बहुतेकांनी तो कुणालाच न देता कचऱ्यात टाकायला सांगितलं. असमान वाटण्यापेक्षा वाया गेलेला बरा. पण एका मुलाने जास्त काम केलं असं सांगितल्यावर त्याच वयाच्या मुलांनी जास्तीचा रबर त्याला देऊन टाकला. मधली सात वर्षांची होती. तिला समान वाटणी हवीच होती, पण कारण समजण्याइतकी ती मोठीही होती. ते कारण मी तिला खोकं उघडायच्या आधी द्यायला हवं होतं. ते तिच्यापर्यंत पोचायला दोन महिने लागले.

ताईच्या मोठ्याशीही मी बोलले. तो म्हणाला, “मला काही नको, मावशी,” आणि हसला. मी ते खरं धरलं.

परिणाम

या गोष्टीला आता दोन वर्षं होऊन गेली.

सगळ्यात मोठा बदल भेटवस्तूंमध्ये नाही, रविवारच्या फोनमध्ये झाला. मी ताईच्या तिन्ही मुलांना वेगवेगळा फोन करायला लागले, प्रत्येकाला दहा मिनिटं. पहिले कित्येक रविवार मोठा ‘हो’, ‘नाही’, ‘बरं’ यापलीकडे गेला नाही. पाचव्या महिन्यात बोलता बोलता त्याने सांगितलं, की बिघडलेलं घड्याळ तो उघडतो. मग कळलं की घड्याळच नाही, बंद पडलेला रेडिओ, टॉर्च, शेजाऱ्यांचा पंखा, सगळं उघडून बघतो आणि परत लावतो. ताईला हे माहीत होतं, पण तिच्या लेखी तो पसारा होता. अकरावं वर्ष लागलं त्या दिवशी त्याला नेहमीसारखीच भेट मिळाली. सहा महिन्यांनी, ताई आणि भावोजींना विचारून, त्याने स्वतः लिहून दिलेल्या यादीप्रमाणे सोल्डरिंग आयर्न, वीज मोजायचा मल्टिमीटर आणि हत्यारांची पेटी दिली. किंमत दुर्बिणीच्या जेमतेम निम्मी. तो वाढीव काही मागेल का, ताईला काही वाटेल का, अशी मला धाकधूक होती. त्याने यादीतल्या प्रत्येक वस्तूपुढे खूण केली आणि पेटी पलंगाखाली सरकवली. तिला कुलूप लावता येतं का, एवढंच विचारलं.

दादाची लेक आता तेरा वर्षांची आहे. दुर्बीण रोज बाहेर निघत नाही. गेल्या सुट्टीत मधलीने ती आपल्या घरी नेऊ का म्हणून विचारलं. दादाची लेक नाही म्हणाली. “मी अजून वापरते.” दादा तिला समजवायला पुढे झाला, तेव्हा ताईनेच त्याला थांबवलं. त्या रात्री दोघी गच्चीवर होत्या. गुरूच्या बाजूला एका रेषेत असलेले चार ठिपके मधलीने पाहिले आणि ते ठिपके नाहीत, चंद्र आहेत, हे मला खाली येऊन सांगितलं.

सगळंच जमलं असं नाही. वहिनी आता तीन मुलांना तीन भेटी देतात. दादाच्या हातून अजून कधीतरी ‘तिघांत मिळून’ होतं. आणि भावोजींचा माझ्यावरचा राग पूर्ण गेलेला नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

वेगळं काय करता आलं असतं

दुर्बीण द्यायलाच नको होती का, असं मला अनेकांनी विचारलं. मला तसं वाटत नाही. एका मुलाचं वेड ओळखून त्याला हात देणं चूक असू शकत नाही. सगळ्यांना मापून सारखं देण्याच्या भीतीपोटी कुणालाच नेमकं काही द्यायचं नाही, हे मुलांचं नुकसान आहे. चूक झाली ती घाईत, आणि काही न सांगण्यात. ताईला आणि दादाला मी आठ दिवस आधी फोन करायला हवा होता. परवानगीसाठी नव्हे. ताईला तिच्या मुलांशी आधी बोलायची संधी मिळाली असती, एवढ्यासाठी.

लपवून द्यायला हवी होती, असंही काहींनी सुचवलं. मी त्याच्या विरोधात आहे. भावंडांत आणि आते-मामेभावंडांत काहीही लपत नाही, आणि लपवलेलं कळलं की मुलं समजतात, मोठ्यांनाही हे चूक वाटत होतं. वहिनींच्या चादरीने तेच झालं.

स्वयंपाकघरातला तो क्षण मी सर्वांत जास्त वेळा मनात घोळवला आहे. “दुर्बीण संपत नाही,” असं ती म्हणाली तेव्हा मला फक्त एवढं विचारायचं होतं, “तुला वाईट वाटलं का?” आणि थांबायचं होतं. तिने काय उत्तर दिलं असतं ते मला कधीच कळणार नाही, कारण मी तिला वचन देऊन गप्प केलं. दुखावलेल्या मुलाला पुढच्या वस्तूचं आश्वासन दिलं की आपली सुटका होते. त्याचं दुखणं कुणी ऐकलेलंच नसतं.

मोठ्याच्या बाबतीत मी त्याचं हसू खरं मानलं. 1984 मध्ये कॅरोलिन सार्नी यांनी सहा ते दहा वर्षांच्या मुलांना काम केल्याबद्दल मुद्दाम तान्ह्या बाळाचं खेळणं भेट दिलं आणि त्यांचे चेहरे पाहिले. लहान मुलांच्या चेहऱ्यावर निराशा उघड दिसली. मोठी मुलं हसून आभार मानू लागली होती. नऊ वर्षांच्या मुलाचं ‘मला काही नको’ हे उत्तर नसतं, ती शिकलेली रीत असते. मला ते पाच महिन्यांनी, एका बंद घड्याळामुळे कळलं.

आणि भावोजी. आम्ही तीन भावंडं बसलो आणि त्यांच्या मुलांबद्दल, त्यांच्या घरातल्या पैशांबद्दल बोललो. ते तिथे नव्हते, वहिनीही नव्हत्या. आम्हाला वाटलं, आपलं आपसातलं आहे. भावोजींना वाटलं, आपल्या पाठीमागे आपली गरिबी मोजली गेली. त्यांच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं. त्या बैठकीत पाच जण हवे होते.

अजून एक प्रश्न उघडाच आहे. गेल्या महिन्यात रविवारच्या फोनवर मधली, आता नऊ वर्षांची, मध्येच म्हणाली, “मावशी, मला अजून कशाचा ध्यास लागला नाहीये. मी चित्रं काढून बघितली, गाणं पण करून बघितलं. वेळ आहे ना अजून?”

मी तिला म्हटलं, भरपूर वेळ आहे. या वेळी त्याहून जास्त काही बोलले नाही. फोन ठेवल्यावर आधी ताईला आणि मग भावोजींना फोन केला, आणि ती अटच काढून टाकायची का, हे विचारलं. भावोजी म्हणाले, सुट्टीत सगळे भेटू तेव्हा बसून ठरवू. दादाला आणि वहिनींना मी तसं कळवलं आहे.